सुरुंग निघाले, पण शेत परत मिळालं का?

मागच्या अंकात युद्धानंतर जमिनीत राहून गेलेल्या भूसुरुंगांवर एक पानभर लिहिलं होतं, सैन्याला वाट करून द्यायला नाही तर लोकांना परत शेती करता यावी, पोरांना शाळेत जाता यावं म्हणून जे सुरुंग काढतात त्या कामावर, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की सगळे या पानांत मावणार नाहीत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापत नाहीये. बहुतेकांनी "सुरुंग काढतात कसे" हे विचारलंय, मला मात्र त्याहून अवघड प्रश्न "जमीन परत देतात कशी" हा वाटतो, त्यामुळे उत्तरं सारखी तिकडे वळली तर समजून घ्या.

ताई, लढाई संपून वीस-तीस वर्षं झाली तरी जमिनी बंदच, असं तुम्ही लिहिलंत. एवढ्या मोठ्या भागात खरंच सगळीकडे सुरुंग असतात का? एवढे पुरायला माणसं तरी किती लागली असतील?

नसतात सगळीकडे. आणि या सगळ्या विषयातली ही पहिली समजून घ्यायची गोष्ट आहे, कारण जमीन अडवून ठेवायला हजार सुरुंग लागत नाहीत, एक पुरतो, आणि कधी कधी तर एकही नसताना नुसत्या संशयावर अख्खं रान पडीक राहतं.

होतं काय, की गावाच्या कडेला एखादी गाय स्फोटात मरते, लोक तिकडे जायचं सोडतात, मग कोणीतरी अधिकारी येतो, विचारतो, आणि नकाशावर एक मोठा गोल काढून निघून जातो. गाय मेली ती जागा चार पावलांची, गोल शंभर एकरांचा. दुधानं तोंड पोळलंय म्हटल्यावर ताक फुंकून पिणारच, लोकांना दोष नाही. पण तो गोल पुढे कागदावर तसाच राहतो, नवा अधिकारी आला की तो पुसायची हिंमत करत नाही कारण उद्या काही झालं तर सही त्याची. नव्वदच्या दशकात असे गोलच्या गोल हातानं इंच इंच तपासले गेले आणि त्यातल्या किती तरी ठिकाणी शेवटी काहीच निघालं नाही. पैसा गेला, वर्षं गेली, आणि शेजारच्या गावात जिथे खरंच सुरुंग होते तिथे त्या वर्षांत माणसांचे पाय जात राहिले. मला या कामातली सगळ्यात मोठी चूक तीच वाटते, आणि त्या चुकीतूनच आजची पद्धत आली, म्हणजे आधी विचारा, मग थोडं तपासा, आणि खणायला बसा ते अगदी शेवटी.

विचारा म्हणजे नुसतं सरपंचाकडे बसून चहा पिणं नाही हं. सर्व्हेची टीम गावात दिवसेंदिवस फिरते. जुने सैनिक शोधतात, दोन्ही बाजूंचे, कारण पुरणाऱ्याला आठवतं त्यानं कुठे पुरलं, निदान कुठली जागा धरून ठेवायची होती ते तरी आठवतं. सुरुंग उगाच कुठेही पेरत नाहीत, पुलाच्या दोन्ही तोंडांना, पाण्याच्या जागेभोवती, विजेच्या खांबांच्या बुडाशी, चौकीच्या भोवती, सैनिक दमून बसेल अशा सावलीच्या झाडाखाली, त्यात एक हिशोब असतो. बायकांना वेगळं बसवून विचारतात कारण सरपण आणि पाणी आणायची वाट त्यांना माहीत, आणि चारचौघांत पुरुष बोलत असताना त्या बोलत नाहीत. गुरं राखणाऱ्या पोरांना विचारतात, त्यांच्याइतकं रान कोणालाच ठाऊक नसतं. कोणी सांगतं की अहो त्या तुकड्यात अमका माणूस सलग कितीतरी हंगाम नांगर घालतोय, काही झालेलं नाही, तर तोही पुरावाच असतो, फक्त तो भुकेनं जीव मुठीत धरून मिळवलेला असतो. कंबोडियात, अंगोलात कितीतरी शेतकरी असे धोक्याच्या पाटीच्या आत जाऊन शेती करत आलेत, आणि त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांनी आधी त्यांच्या घरातलं धान्य बघावं.

एवढं सगळं ऐकून झाल्यावर ज्या भागाबद्दल पुरावाच नाही तो संशयाच्या यादीतून काढून टाकतात. उरलेल्या भागात बाहेरून आत अरुंद पट्ट्या तपासत जातात, सुरुंगांची पहिली ओळ नेमकी कुठे लागते ते बघायला. सैन्यानं पेरलेले असतील तर बऱ्याचदा ओळींत असतात, दोन-चार सापडले की पुढची रांग कशी गेली असेल याचा अंदाज येतो. आणि मग जे उरतं तेवढंच हातानं. युक्रेनमध्ये २०२२ नंतर सुमारे १,७४,००० चौरस किलोमीटर जमीन संशयित म्हणून धरली होती, आकडा ऐकूनच छाती दडपते, पण त्याचा अर्थ तेवढ्या जमिनीत सुरुंग आहेत असा नव्हता, तिथे जाऊन अजून कोणी नीट बघितलेलं नाही असा होता. पुढच्या तीनेक वर्षांत तो १,४०,००० च्या खाली आला आणि त्यात खणण्यापेक्षा सर्व्हेचा वाटा मोठा आहे.

मी नववीत आहे. उंदीर सुरुंग शोधतात हे खरं आहे का? ते मरत नाहीत का?

अगदी खरं आहे, आणि नाही, मरत नाहीत. हे आफ्रिकेतले मोठे उंदीर, गालात पिशव्या असलेले, वजन साधारण एक-सव्वा किलो. माणसासाठी पेरलेला सुरुंग फुटायला साधारण पाच किलोच्या वर दाब लागतो, त्यामुळे उंदीर वरून गेला तरी काही होत नाही. अपोपो नावाची बेल्जियन संस्था टांझानियात त्यांना शिकवते, स्फोटकाचा वास आला की जमीन खरवडायची, खरवडली की टक असा आवाज करतात आणि केळ्याचा तुकडा मिळतो. शिकायला नऊ महिने ते वर्षभर जातं. मैदानात दोन माणसांच्या मध्ये दोरी ताणलेली असते आणि उंदीर त्या दोरीला धरून इकडून तिकडे जातो, परत येतो, परत जातो. काम पहाटेच असतं कारण ऊन त्यांना सोसत नाही, आणि तुला गंमत वाटेल, त्यांच्या कानांना आणि शेपटीला उन्हाचं क्रीम लावतात.

त्यांचा खरा फायदा असा की मेटल डिटेक्टर खिळ्यालाही वाजतो आणि पत्र्याच्या डब्यालाही, उंदीर फक्त स्फोटकाच्या वासाला थांबतो. टेनिसच्या कोर्टाएवढी जागा उंदीर अर्ध्या तासात हुंगून काढतो, डिटेक्टर घेतलेल्या माणसाला त्याला चार दिवसही लागू शकतात. मगावा नावाच्या उंदरानं कंबोडियात शंभरावर सुरुंग आणि इतर स्फोटकं शोधली, २०२० मध्ये त्याला शौर्याचं सुवर्णपदक मिळालं, ब्रिटनमधल्या ज्या संस्थेनं दिलं तिच्याकडून ते मिळवणारा तो पहिलाच उंदीर, २०२१ मध्ये रिटायर झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये म्हातारपणानं गेला. पण एक लक्षात ठेव, उंदरानं जागा दाखवली की खणायला माणूसच जातो. आणि दाट गवतात उंदराला काम करता येत नाही, आधी गवत कापावं लागतं.

तुझ्या प्रश्नाला जोडून अजून एक. दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर ब्रिटन आणि अर्जेंटिनाच्या १९८२ च्या युद्धातले सुरुंग होते, माणसांना तिकडे बंदी, आणि पेंग्विन इतके हलके की त्यांच्या वजनानं सुरुंग फुटायचे नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं ते तिथे निवांत राहिले. ती बेटं नोव्हेंबर २०२० मध्ये साफ झाली, म्हणजे युद्धानंतर ३८ वर्षांनी.

इंजिनियर आहे म्हणून विचारतो. एवढं ड्रोन आणि एआय आलंय, रणगाड्याला रोलर लावून जमीन तुडवली तर दोन दिवसांत काम होईल. माणसं गुडघ्यावर बसून अजून का खणतायत?

तुमच्यासारखे पाच प्रश्न आलेत, त्यातल्या दोघांनी डिझाइनही पाठवलंय, मनापासून पाठवलंय हे कळतं म्हणून नीट सांगते. सैन्याला हवी असते एक वाट, आत्ता, गोळीबार चालू असताना, आणि त्यात शंभरातले वीस सुरुंग राहिले तरी त्यांचा हिशोब बसतो. शेतकऱ्याला हवी असते जमिनीची प्रत्येक वीत, कारण तिथे त्याची मुलगी अनवाणी फिरणार आहे. वीस सोडा, एकही राहिलेला चालत नाही. रोलरखाली काही सुरुंग फुटतात, काही तुटतात पण स्फोटक तसंच मातीत पडून राहतं, काही खड्ड्यातले किंवा जुने होऊन अर्धवट बिघडलेले सुरुंग दाबच घेत नाहीत. म्हणून मशीन वापरतात, साखळ्या फिरवून जमीन झोडपणारी असतात, माती उलटी करणारी असतात, पण बहुतेक ठिकाणी ती झाडोरा काढायला आणि कुठला भाग रिकामा आहे याची खात्री वाढवायला, मागून माणूस किंवा कुत्रा जातोच. आणि उतारावर, दगडात, भातखाचरात मशीन चालत नाही. शिवाय खोल फिरणारं जड मशीन वरची सुपीक मातीच खाली घालतं, सुरुंग गेले आणि पीकही गेलं, असं करून चालेल का?

हातानं कसं करतात ते सांगते. माणूस चिलखतासारखा जाड एप्रन आणि तोंडावर जाड पारदर्शक मुखवटा घालून साधारण एक मीटर रुंदीच्या पट्टीत बसतो, पुढे एक काठी आडवी ठेवलेली, तिच्या पलीकडे पाय नाही. आधी पाय अडकला की सुरुंग उडवणारी बारीक तार आहे का बघायचं, मग गवत कात्रीनं कापायचं, मग डिटेक्टर फिरवायचा. आवाज आला की खूण करायची, थोडं मागून, बाजूनं, तिरपं खणत जायचं म्हणजे हत्यार सुरुंगाच्या कुशीला लागेल, वरच्या दाबपट्टीला नाही. आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा निघतो खिळा, पुंगळी, डब्याचं झाकण. कारण काही सुरुंग जवळजवळ पूर्ण प्लॅस्टिकचे, धातू टाचणीएवढा, त्यामुळे डिटेक्टर इतका बारीक लावावा लागतो की तो सगळ्यालाच ओरडतो. त्या शंभराव्या वेळीसुद्धा पहिल्या वेळेसारखंच सावकाश खणायचं असतं. सापडला की बहुतेकदा उचलत नाहीत, जागेवरच स्फोट करून उडवतात. दोघांच्या मध्ये पंचवीसेक मीटर अंतर, ठरावीक वेळानं सक्तीची विश्रांती, आणि ॲम्ब्युलन्स उभी नसेल तर त्या दिवशी काम बंद.

ड्रोनचा उपयोग नाही असं नाही. चाडच्या वाळवंटात उष्णता टिपणारा कॅमेरा ड्रोनला लावून वाळूत पुरलेल्या सुरुंगांच्या जागा वरून दिसल्या, कारण पुरलेली वस्तू आणि आजूबाजूची वाळू वेगवेगळ्या वेगानं तापतात आणि निवतात. पण तेच झाडाझुडपात नाही जमत. एआयनं जुने नकाशे, फोटो, अपघातांच्या नोंदी एकत्र बघून कुठे आधी जायचं हे ठरवायला मदत होते, ते मला जास्त पटतं. तुमचं डोकं या बाजूला लावा असं मी म्हणेन, खणण्याची जागा कमी कशी करता येईल इकडे.

ताई, मला एक कळत नाही, जमीन साफ झाली की ती ज्याची होती त्याला मिळते का? आमच्या घरात जमिनीवरून तीन पिढ्या भांडण आहे म्हणून विचारते.

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसले म्हटलं तरी चालेल. उत्तर असं की, आपोआप मिळत नाही, आणि कधी कधी साफ झाल्यामुळेच जाते.

नीट विचार करा. सुरुंग असलेल्या जमिनीला किंमत शून्य. तिच्यावर कोणाचा डोळा नसतो. ज्या दिवशी ती साफ झाल्याचा कागद होतो त्या दिवशी तीच जमीन सोन्याची होते, रस्त्याकडेला असेल तर जास्तच, आणि मग बळी तो कान पिळी. गावातला वजनदार माणूस येतो, जुना कमांडर येतो, कंपनी येते, कोणाकडे कुठूनसा कागद निघतो. आणि जे कुटुंब तिथून पळालं होतं, छावणीत वीस वर्षं काढून परत येतंय, त्यांच्याकडे काय असतं? कंबोडियात सत्तरच्या दशकात सत्तेवर आलेल्या ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटानं खाजगी मालकीच मोडीत काढली आणि जमिनीची दप्तरं नष्ट केली, त्यानंतर गावंच्या गावं विस्थापित झाली, परत आलेल्यांनी जिथे जागा मिळाली तिथे वस्ती केली. आता त्या तुकड्यात साठच्या दशकात कसणारा एक, ऐंशीत कसणारा दुसरा, आणि सुरुंगाच्या कडेनं जीव धोक्यात घालून आज कसणारा तिसरा. तिघंही खरं बोलतायत. कोणाची म्हणायची जमीन?

बरीच वर्षं सुरुंग काढणाऱ्या संस्था म्हणायच्या की आम्ही स्फोटकं काढतो, मालकी हे आमचं काम नाही, आम्ही तटस्थ. ऐकायला बरं वाटतं, पण कुठली जमीन आधी साफ करायची हे ठरवलंत तिथेच तुम्ही कोणाची तरी बाजू घेतलीत ना. जिनिव्हातल्या मानवतावादी सुरुंगनिर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय केंद्रानं २०१० च्या आसपास हा विषय लावून धरला, की काम सुरू करायच्या आधी विचारा, ही जमीन कोणाची, वाद आहे का, साफ झाल्यावर कोण कसणार, आणि ते लिहून घ्या, सगळ्या गावासमोर. कंबोडियात जिल्ह्या-प्रांताच्या पातळीवर गावकऱ्यांना बसवून कुठली जमीन आधी घ्यायची आणि ती कोणाला मिळणार याच्या याद्या करायची पद्धत बसवली गेली, काम सुरू व्हायच्या आधी. ती सगळीकडे नीट पाळली जाते असं नाही, पण यादी आधी गावासमोर वाचून झाली असेल तर नंतर ती बदलणाऱ्याला निदान तोंड लपवावं लागतं.

विधवांचं तर वेगळंच. नवरा युद्धात किंवा सुरुंगात गेला, जमीन त्याच्या नावावर किंवा नुसत्या वहिवाटीवर, आणि परत मिळायची वेळ आली की दीर पुढे येतात. म्हणून यादीत बाईचं नाव तिच्या नावानंच लिहा हा आग्रह धरावा लागतो, आणि तो सर्व्हे करणाऱ्यानं पहिल्या दिवशीच धरला तर धरला, जमीन साफ झाल्यावर कोणी ऐकत नाही.

कोलंबियात आणखी गुंता. तिथे गनिमी गटांनी घरगुती सामानातून सुरुंग बनवून पायवाटांवर, शाळेच्या वाटेवर लावले, लोक जमिनी सोडून शहरांत गेले. २०११ मध्ये तिथे पीडितांना नुकसानभरपाई आणि गेलेली जमीन परत मिळवून देणारा कायदा झाला, म्हणजे कागदावर हक्क आला, पण कोर्टानं जमीन तुमची म्हटलं आणि त्यात सुरुंग असले तर जाणार कसे? आणि सुरुंग काढणारी टीम तयार असली पण जवळ हत्यारबंद गट फिरतोय तर ती जाणार कशी? तीन वेगवेगळी खाती, प्रत्येकाची वेगळी यादी, आणि मध्ये ते कुटुंब.

तुमच्या घरातल्या भांडणाचं मला काही सांगता येणार नाही, पण एवढं तुम्हाला माझ्याआधी कळलं असेल की जमिनीचा वाद मिटवायचा असेल तर ती महाग व्हायच्या आधी मिटवावा लागतो.

आधी कोणती जमीन साफ करायची हे कोण ठरवतं? शेतं की रस्ते?

देशाचं सुरुंगविरोधी खातं, पैसे देणारे देश, आणि चांगलं चाललं असेल तर गाव. मोझांबिकचा अनुभव बघण्यासारखा आहे. तिथे १९९२ मध्ये शांतता झाली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये देश सुरुंगमुक्त जाहीर झाला, हजारो ठिकाणं साफ करून. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी त्या सगळ्या नोंदी बसून तपासल्या तेव्हा दिसलं की रस्ते, रेल्वे आणि बाजाराची गावं मोकळी झाली तिथे फायदा त्या जागेपुरता न राहता लांबपर्यंत पोचला. पटण्यासारखं आहे, शेत पिकलं पण माल बाजारात जाणारी वाटच बंद असेल तर काय उपयोग. तरी मी म्हणते विहिरीची वाट आणि शाळेची वाट कुठल्याही हिशोबाच्या आधी.

हे काम करणारे कोण असतात? परदेशी तज्ज्ञ का?

सुरुवातीला शिकवायला आले, आता बहुतेक ठिकाणी त्याच देशातली, त्याच जिल्ह्यातली माणसं असतात. अफगाणिस्तानात हे मानवतावादी काम १९८८-८९ पासून सुरू आहे आणि तिथे अफगाण माणसांनीच ते उभं केलं. श्रीलंकेच्या उत्तरेत कितीतरी बायका करतात, युद्धात नवरा गेलेल्या, घर एकटीवर असलेल्या. अंगोलात २०१७ पासून बायकांच्या टीम आहेत. कोलंबियात तर हत्यारं खाली ठेवलेल्या जुन्या गनिमांनीच स्वतःची सुरुंग काढणारी संस्था काढलीये. फॉकलंडमध्ये गुडघ्यावर बसलेले बरेच जण झिंबाब्वेचे होते, स्वतःच्या देशाच्या सीमेवरच्या सुरुंगांत काम शिकलेले. एका मेलमध्ये कोणी विचारलंय की घरचे कसे पाठवतात. पगार महिन्याला ठरलेला येतो, पोरांची फी भरता येते, आणि जे रान साफ होतं ते आपल्याच गावाचं असतं, हे कारण त्या बायका स्वतः सांगतात. धोका आहेच. एक अन्याय मात्र कोणी बोलत नाही, काम जितकं चांगलं होईल तितकी यांची नोकरी लवकर संपते, आणि सगळा देश आनंद करत असताना हे घरी बसतात. त्यांना पुढचं काम शिकवणं हे त्याच बजेटमध्ये धरायला हवं.

करार आहे ना सुरुंगांवर बंदीचा? मग अजून कोण पेरतंय? राग येतो वाचून.

मलाही येतो. १९९७ च्या डिसेंबरमध्ये कॅनडातल्या ओटावात करारावर सह्या झाल्या, १ मार्च १९९९ पासून लागू. माणसांविरुद्धचे सुरुंग वापरायचे नाहीत, बनवायचे नाहीत, साठा चार वर्षांत नष्ट करायचा, पेरलेले दहा वर्षांत काढायचे, नाही जमलं तर मुदत मागून घ्यायची. ज्या मोहिमेनं हा करार घडवला तिला आणि जोडी विल्यम्स यांना त्याच वर्षीचं शांततेचं नोबेल मिळालं. साडेपाच कोटींच्या वर साठ्यातले सुरुंग नष्ट झाले, तीसच्या वर देशांनी आपली जमीन पूर्ण साफ केली, म्हणजे करार कागदावर राहिला असं कोणी म्हणू नये. अमेरिका, रशिया, चीन, भारत, पाकिस्तान त्यात आलेच नाहीत. आणि २०२५ मध्ये एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड या पाच देशांनी बाहेर पडायचं ठरवलं, रशियाची भीती म्हणून. त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, शेजारी तसा आहे. पण सुरुंगाला शत्रूचा पाय आणि आपल्या नातवाचा पाय वेगळा कळत नाही. २०२३ मध्ये जगात सुरुंग आणि युद्धातल्या उरल्यासुरल्या स्फोटकांनी निदान ५,७५७ माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यातले ८४ टक्के साधे नागरिक.

शेवटचा प्रश्न. साफ केलेल्या जमिनीत लोक लगेच जातात का? तुम्ही असता तर गेला असता का?

लगेच नाही जात. वीस वर्षं आई सांगत आली तिकडे पाय ठेवायचा नाही, आणि आज कोणी साहेब येऊन कागद देतो की ठेवा, कसा ठेवतील? म्हणून जमीन सुपूर्द करायचा एक दिवस असतो, गाव बोलावतात, नकाशा दाखवतात, कुठून कुठपर्यंत आणि किती खोल तपासलंय ते सांगतात. खोलीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, बऱ्याच ठिकाणी तेरा ते वीस सेंटिमीटरपर्यंत तपासतात, म्हणजे नांगराला ठीक, पण विहीर खणायची किंवा घराचा पाया घ्यायचा तर आधी विचारा, हे तोंडावर सांगायला हवं, नुसतं कागदावर लिहून उपयोग नाही. शून्य धोका कोणीच लिहून देत नाही. बोस्नियात मे २०१४ च्या पुरात आणि दरडींत सुरुंग वाहून दुसरीकडे गेले, खुणेच्या पाट्याही गेल्या. बेल्जियम आणि फ्रान्सच्या शेतांत पहिल्या महायुद्धातले बॉम्बगोळे अजून दरवर्षी नांगराला लागतात. त्यामुळे काही सापडलं तर हात न लावता कोणाला फोन करायचा, ती व्यवस्था टीम निघून गेल्यावरही चालू राहिली पाहिजे, आणि वर्षभरानं परत येऊन बघायला हवं की शेतात कोण आहे, यादीतलं कुटुंब की दुसरंच कोणी.

मग ज्यांनी सुरुंग काढले ते स्वतः त्या जमिनीवरून चालत जातात, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, गावासमोर, चिलखत न घालता. कागदापेक्षा लोकांना ते पटतं. काही ठिकाणी तिथेच फुटबॉल खेळतात. अफगाणिस्तानात दगडांना रंग दिलेला असतो, लाल म्हणजे धोका, पांढरा म्हणजे साफ, आणि लोक आधी पांढऱ्या दगडांच्या अगदी कडेनंच चालतात, मग हळूहळू मधे येतात.

अंगोलातल्या हुआम्बोमध्ये जानेवारी १९९७ मध्ये राजकन्या डायाना चिलखत घालून सुरुंगांच्या मैदानातून चालली तो फोटो तुम्ही बघितला असेल. सप्टेंबर २०१९ मध्ये तिचा मुलगा हॅरी त्याच जागी गेला तेव्हा तिथे वर्दळीचा रस्ता होता, दोन्ही बाजूंना घरं आणि शाळा.

मी गेले असते का? काढणाऱ्या बाईला आधी चालताना बघितलं असतं, आणि मग तिच्या पावलांवर पाऊल ठेवून गेले असते, पहिल्या दिवशी तरी.

(पुढच्या अंकात सुरुंगात पाय गेलेल्यांना कृत्रिम पाय आणि रोजगार यावर आलेले प्रश्न घेते.)